'तो निवडलेला नव्हता' हे कोणी ठरवलं?

वास्कोहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे.

'आम्ही मूळचे मिरजेचे, आजोबांपासून ख्रिस्ती. लग्न होऊन वास्कोला आले आणि इथलीच झाले. धाकटा भाऊ माझ्याकडे राहायचा. खाणीतलं खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर कामाला होता. खाणी बंद झाल्या, काम गेलं, दारू वाढली. भक्तीला यायचा तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचा, पुढे तेही सुटलं. मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. ह्या पावसाळ्यात लिव्हर निकामी होऊन तो गेला. शेवटच्या आठवड्यात बांबोळीच्या इस्पितळात त्याच्या खाटेशी बसून मी १३०वं स्तोत्र वाचलं. तो म्हणाला, "परत वाच." एवढंच.

नंतर गृहसभेत एका बंधूंनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढला. म्हणाले, "देवानं जगाच्या उत्पत्तीआधीच निवड केली आहे. याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. तुमचा भाऊ निवडलेला असता तर असा गेला नसता. हे मान्य करा म्हणजे शांती मिळेल." मला शांती मिळाली नाही. सगळं आधीच ठरलं होतं तर माझ्या एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेचं काय झालं? आणि मी तरी निवडलेली आहे कशावरून? हल्ली प्रार्थनेला बसले की मन कोरडं असतं. शेजारची कॅथलिक मैत्रीण म्हणते, त्याच्या नावानं चर्चमध्ये मीस (प्रार्थनाविधी) घालू, तू पण ये. जाऊ का? आणि आई मिरजेहून फोनवर विचारते, तिथल्या मंडळीनं काय धीर दिला? तिला हे सांगू का?'

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याची घाई आहे. आईला ते बोलणं सांगू नका. मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या बाईपर्यंत एका माणसाचा अंदाज देवाचा निकाल म्हणून पोचवण्याचं कर्तव्य तुमच्यावर नाही. तिनं विचारलं तर तो 'परत वाच' म्हणाला हे सांगा, आणि कोणतं स्तोत्र वाचलं तेही सांगा. खोल गर्तेतून मारलेली हाक, आणि प्रभू, तू अपराध लक्षात ठेवलेस तर तुझ्यापुढे टिकेल कोण, हा प्रश्न. तिला ते बहुधा पाठ असेल.

आता नववा अध्याय. एसाव हा याकोबाचा जुळा भाऊ. त्याचं नाव तेराव्या वचनात येतं आणि पुष्कळ जण तिथूनच वाचायला सुरुवात करतात. तुम्ही पहिल्या वचनापासून वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे जवळजवळ शपथेवर सांगतो की मला फार दुःख आहे, माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. कोणासाठी? स्वतःच्या रक्ताच्या भाऊबंदांसाठी, ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नव्हतं. त्यांच्यासाठी मीच ख्रिस्तापासून तुटलो, शापित झालो तरी चालेल, इथपर्यंत तो जातो. देवाच्या निवडीबद्दल नव्या करारात ह्याहून कठीण अध्याय नाही, आणि तो आपल्या माणसांसाठी तळमळणाऱ्या भावानं लिहिला आहे. तुमच्या दुःखाला त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळींत जागा आहे.

पुढे दहाव्या अध्यायाचं पहिलं वचन पाहा. त्याच लोकांचं तारण व्हावं म्हणून मी देवाची प्रार्थना करतो, असं पौल लिहितो. नवव्या अध्यायाचा अर्थ 'ठरलं ते ठरलं' असा असता तर ही प्रार्थना त्याच्या तोंडी आलीच नसती. अकराव्यात तो म्हणतो की तोडलेल्या फांद्या पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे. बत्तिसाव्या वचनात तर तो सगळ्यांवर दया करण्याच्या देवाच्या हेतूपर्यंत येतो. मग त्याचा युक्तिवाद संपतो आणि स्तुती सुरू होते: देवाच्या बुद्धीची आणि ज्ञानाची केवढी ही खोली, त्याचे न्याय किती अगाध! तीन अध्याय झगडून पौल जिथे हात जोडून थांबला, तिथून पुढे जाऊन कोणा एका मेलेल्या माणसाचा निकाल वाचून दाखवण्याची मुभा आपल्याला नाही.

एसावाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या भावाला त्याचं नाव चिकटवलं गेलं आहे. 'एसावाचा द्वेष केला' हे शब्द पौलानं जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकातून घेतले आहेत. तिथे विषय इस्राएल आणि अदोम ह्या दोन राष्ट्रांचा आहे. रिबकेच्या पोटातल्या जुळ्यांबद्दल उत्पत्तीत जे सांगितलं, तेही 'तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत' असंच सुरू होतं. वचन कोणत्या घराण्यातून पुढे चालेल, मशीहा कोणत्या वंशात येईल, ह्याची ती निवड होती. एसाव नावाच्या माणसाचं काय झालं, ते उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात आहे. फसवून पळालेला याकोब इतक्या वर्षांनी घाबरत परत येतो, तेव्हा एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघं रडतात, आणि निवडलेला याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं म्हणजे देवाचंच मुख पाहिल्यासारखं झालं. हा प्रसंग वाचल्यावर मला एसावाचं नाव शिवीसारखं वापरवत नाही.

रोमकरांस पत्राच्या त्याच नवव्या अध्यायात कुंभाराचा दाखला आहे. मातीनं कुंभाराला जाब विचारू नये, हे खरंच. पण पौलाच्या ज्या श्रोत्यांना शास्त्र तोंडपाठ होतं, त्यांना यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातला कुंभार लगेच आठवला असणार. त्याच्या हातात भांडं बिघडतं, तेव्हा तो त्याच मातीचं दुसरं भांडं घडवतो. चाकावर काम चालू असताना भांड्याचं काय होणार हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

तरीही मी तुम्हाला अर्धवट सांगणार नाही. ते बंधू जे बोलले ते त्यांनी हवेतून आणलेलं नाही. मिरज-कोल्हापूरकडच्या आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, आणि त्या परंपरेचा मोठा गुरू म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन. देवानं काहींना सार्वकालिक जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी आधीच नेमलं आहे, असं कॅल्व्हिननं स्पष्ट लिहिलं. हा ठराव भयंकर आहे अशी कबुलीही त्यानंच दिली. मला स्वतःला हे दुसरं अर्ध पटत नाही. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साध्या शब्दांत लिहिलं आहे, आणि त्यातल्या 'सर्व' ह्या शब्दाला कात्री लावायला माझं मन धजत नाही. पण माझं मत बाजूला ठेवा. कॅल्व्हिनलाच प्रमाण मानलं तरी तुमच्या भावाबद्दलचा तो निकाल उभा राहत नाही. निवडलेल्यांत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांचं तारण व्हावं अशीच आपली इच्छा असली पाहिजे, हे प्राचीन काळातल्या बिशप ऑगस्टीनचं म्हणणं कॅल्व्हिन आपल्या ग्रंथात मान्यतेनं उद्धृत करतो. त्याच घराण्यातला १५६६ सालचा स्विस मंडळ्यांचा विश्वासनामा सांगतो की सगळ्यांबद्दल चांगली आशा धरावी, कोणालाही उतावीळपणे टाकलेला ठरवू नये. आणि १६४६ साली लंडनला तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा, जो प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा पाया आहे, त्यानं ह्याच विषयाला मोठं रहस्य म्हटलं आणि तो विशेष शहाणपणानं आणि काळजीनं हाताळावा अशी ताकीद दिली. त्या दिवशी गृहसभेत ही काळजी घेतली गेली नाही.

तुमच्या शेजारणीच्या चर्चचंही ह्या बाबतीत वेगळं म्हणणं नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं १५४७ साली ठरवलं की देवानं कोणाला निवडलं आहे हे खास प्रकटीकरणावाचून कळू शकत नाही. पुढे कृपा आणि माणसाची इच्छा ह्यांचा मेळ कसा बसतो ह्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन ह्या दोन कॅथलिक धर्मसंघांचं जोरदार भांडण लागलं. जेझुइटांच्या बाजूनं लढणारा मोलिना पोर्तुगालमध्ये शिकवत होता, त्याचा ग्रंथ १५८८ साली लिस्बनला छापला गेला, आणि त्याच बंदरातून निघालेली जहाजं दोन्ही संघांचे पाद्री गोव्यात उतरवत होती. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. शेवटी १६०७ साली पोप पाचव्या पॉलनं निवाडा न देताच प्रकरण थांबवलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला दोन्ही बाजूंना मनाई केली. एवढ्या विद्वानांना जे उलगडलं नाही, ते तुमच्या भावाच्या बाबतीत आठवडाभरात उलगडलं असं मानायला मी तयार नाही.

मग निवडीची ही शिकवण आहे तरी कशासाठी? ताई, शास्त्रात हा विषय निघतो तेव्हा कोण कोणाशी बोलतंय ते बघा. मिसरातून सुटलेल्या गुलामांना मोशे सांगतो की तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून देवानं तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्याची तुमच्यावर प्रीती होती, एवढंच कारण. इफिसकरांना पौल लिहितो की जगाच्या स्थापनेपूर्वी देवानं 'आपल्याला' ख्रिस्तामध्ये निवडलं. पकडला जाण्याच्या रात्री येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं. प्रत्येक ठिकाणी 'आपण' आहे, 'तुम्ही' आहे. आपल्या हाती जे आलं ते आपल्या लायकीनं आलेलं नाही, हे ओळखणाऱ्याचे हे उद्गार आहेत. खोलीत नसलेल्या तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवून 'ह्याला वगळलं' असं म्हणायला शिकवण्यासाठी ही वचनं दिलेली नाहीत.

खुद्द येशूला हा प्रश्न विचारला गेला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात कोणीतरी विचारतं, प्रभू, तारण पावणारे थोडेच आहेत का? त्यानं आकडा दिला नाही. विचारणाऱ्याकडे वळून म्हणाला, अरुंद दरवाजातून आत जायचा तुम्ही नेटानं प्रयत्न करा. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो, ह्याचं काय? उत्तर येतं, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. तुमच्या भावाचं काय, ह्या प्रश्नावर मलाही ह्याहून जास्त बोलता येत नाही. 'परत वाच' ह्या दोन शब्दांवरून तो तरला असा दाखला मी लिहून देणार नाही, कारण तसा अधिकार त्या बंधूंना नाही तसा मलाही नाही. पण आशेला मात्र तिथे घट्ट पाया आहे. दयेची याचना करणारं स्तोत्र मरणाच्या दारात पुन्हा ऐकावंसं वाटणं ही देवाकडे वळलेल्या मनाची हालचाल आहे, आणि असं मन आपण होऊन देवाकडे वळत नाही, त्याआधी देवाची कृपा तिथे पोचलेली असते, हे कॅल्व्हिनपासून ट्रेंटपर्यंत सगळे एकमुखानं सांगतात. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराजवळही एका वाक्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

दारूबद्दल एकच. दारूनं लिव्हर जातं. ते शरीराचं दुखणं आहे, देवानं टाकल्याची खूण नव्हे. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशूनं तो हिशोबच नाकारला. खाणी थांबल्यावर बार्जवरचे किती जण कामावाचून बसले हे वास्कोत राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगायचं.

आता तुमची प्रार्थना. ह्या प्रश्नापाशी मला जास्त थांबायचं आहे.

जुन्या गोव्यात होली हिलवर कधी गेला आहात का? तिथे सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा ४६ मीटर उंच बुरूज एकटा उभा आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, ऑगस्टिनियन गेले, आणि १८४२ साली चर्चचं छत कोसळलं. त्याच्या समोरच सांता मोनिकाचा जुना मठ आहे, १६०६ साली बांधायला घेतलेला. मोनिका ही ऑगस्टीनची आई. मुलगा बाईच्या नादी लागलेला, भलत्या पंथात शिरलेला, आणि ही बाई वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत प्रार्थना करत होती. एका बिशपच्या ती इतकी मागे लागली की शेवटी तो म्हणाला, जा बाई, एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही.

तोच मुलगा पुढे हिप्पोचा बिशप झाला आणि कृपेबद्दल त्याच्याइतकं त्या काळी कोणी लिहिलं नाही. माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो असं पेलाजियस शिकवत होता. ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला: तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? कॅल्व्हिननं निवडीची शिकवण घेतली ती मुख्यतः ह्याच माणसाकडून. आणि आयुष्याच्या अखेरीस, म्हणजे निवडीबद्दलची त्याची मतं सर्वांत कडक झाली होती त्या काळात, ऑगस्टीननं लिहून ठेवलं की माझा नाश होऊ नये म्हणून आईनं रोज अश्रू ढाळले, आणि त्या अश्रूंना माझं दान मिळालं. निवड आधीची आणि प्रार्थना फुकट, असं त्याला एकदाही वाटलं नाही. देव जे करतो ते माणसांच्या प्रार्थनांमधून करतो, त्या प्रार्थनाही त्याच्या योजनेतच आहेत, अशी त्याची समजूत होती. 'सगळं ठरलेलंच होतं' असं कोणी म्हणेल, तर त्या ठरलेल्यात रोज रात्री तुम्ही गुडघे टेकणंही होतं. शेवटच्या आठवड्यात स्तोत्र हातात घेऊन खाटेशी कोणीतरी असणंही होतं. ज्या भावाला कोणी बहीण वाचून दाखवायला नव्हती तो वेगळा. तुमच्या भावाला होती, आणि ती त्याला कुठून मिळाली?

हे सदर वाचणारे बरेच जण ख्रिस्ती नाहीत, त्यांना हा वाद परका वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगते. रामानुजाचार्यांच्या परंपरेतही ह्याच प्रश्नावर दोन पक्ष पडले. माकडीचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. माणसाचं तारण ह्यातलं कोणतं? कॅल्व्हिनचे अनुयायी मांजरीच्या बाजूचे. हॉलंडमधला आर्मिनियस आणि नंतर मेथॉडिस्टांचा वेस्ली हे म्हणत की धरण्याचं थोडं काम पिल्लाकडेही आहे, जरी धरायची ताकद आईनंच दिलेली असली. मला ह्या वादात एवढंच दिसतं की पिल्लू दोन्हीकडे आईजवळच असतं.

तुम्ही निवडलेल्या कशावरून, हे विचारलंत. स्वतःच्या मनात डोकावून ते शोधू नका. कॅल्व्हिनचाच सल्ला आहे की आपली निवड ज्यात पाहायची तो आरसा ख्रिस्त आहे. स्वतःमध्ये शोधाल तर तिथे सापडणार नाही. विसाव्या शतकात त्याच परंपरेतला कार्ल बार्थ ह्याच्याही पुढे गेला. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात त्यानं मांडलं की देवानं निवडलेला माणूस म्हणजे पहिल्यांदा येशू, आणि टाकला गेलेला माणूसही तोच, कारण सगळ्यांचं टाकलं जाणं त्यानं वधस्तंभावर स्वतःवर घेतलं. मला हे शास्त्राच्या फार जवळचं वाटतं. निवड म्हणजे स्वर्गात कुलूप लावून ठेवलेली यादी असं समजलं तर माणूस जन्मभर धास्तावतो. निवडीला येशूचा चेहरा आहे हे कळलं की त्याच्याकडे जाता येतं, आणि जो येईल त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, असं तो म्हणाला आहे.

मन कोरडं झालं आहे त्याची इतकी भीती बाळगू नका. भाऊ गेल्यावर मन कोरडं होतं. निवडीच्या बाबतीत सर्वांत कडक समजली जाते ती हॉलंडमधली डॉर्टची धर्मसभा, १६१८-१९ सालची. तिनंसुद्धा तुमच्यासारख्यांसाठी एक वेगळं कलम लिहून ठेवलं: ज्यांना आतून खात्री जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना, मंडळी सोडत नाहीत, त्यांनी ही शिकवण ऐकून घाबरू नये, कारण मिणमिणती वात न विझवण्याचं देवाचं वचन आहे. शब्द सुचत नसतील तर तेच स्तोत्र मोठ्यानं वाचा आणि उठा. तेवढी प्रार्थना पुरे.

शेजारणीच्या मिसेला जरूर जा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याबद्दल तिच्या आणि आपल्या मंडळीच्या समजुतीत खरा फरक आहे. त्यांच्या मते शुद्धीकरणातल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो, आपले सुधारक ते मानत नव्हते, आणि ह्या वयात तुम्ही तुमचं मत बदलावं असं माझं सांगणं नाही. तिच्या शेजारी बाकावर बसा. प्रसाद घ्यायला लोक उठतील तेव्हा जागेवरच थांबा, त्यात कोणी वावगं मानत नाही. तिथे बसून देवाला भावाचं नाव सांगणं आणि तो तुम्हाला दिला म्हणून उपकार मानणं, ह्याला कोणत्याही विश्वासनाम्याची आडकाठी नाही. नोव्हेंबरच्या २ तारखेला ती आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जाईल, तेव्हा तुमच्या भावाच्या कबरीवरही तिला घेऊन जा.

आणि ते बंधू. त्यांच्याशी भांडू नका, पण गप्पही राहू नका, कारण उद्या ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरी हेच बोलतील. पाळकांना आधी विश्वासात घ्या. पुढच्या गृहसभेत सगळ्यांनी मिळून रोमकरांस पत्राचा नववा, दहावा आणि अकरावा अध्याय मध्ये न थांबता मोठ्यानं वाचावा अशी विनंती करा, आणि नवव्याची पहिली पाच वचनं तुम्ही स्वतः वाचा. आवाज फुटला नाही तर पाळकांकडे पुस्तक द्या, ते पुढे वाचतील.